डबा, पाठ आणि कोयता

मुंबईहून यात्रेला आलेली मंडळी पारावर बसली की एक विषय हमखास निघतो. सातारची माणसं मुंबईत पुढं गेली, आपली मागं राहिली. मग कुणी म्हणतं, त्यांच्यात एकी आहे. कुणी म्हणतं, आपल्याला गावची ओढ फार. एखादा जाणता सांगतो की सगळा नशिबाचा खेळ. आंबेगाव, जुन्नर आणि खेड तालुक्यांतून गेली दीडशे वर्षं माणसं मुंबईला जात आहेत, आणि साधारण तेवढाच काळ ही तुलनाही चालू असावी. ती बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी सुरू होते. माणसांच्या स्वभावापासून.

अर्थशास्त्राचे अभ्यासकही हीच तुलना करतात, फक्त पाराऐवजी जनगणनेचे तक्ते घेऊन. अमेरिकेतल्या अर्जेंटिनी आणि इक्वेडोरी स्थलांतरितांचं उदाहरण घ्या. दोघे दक्षिण अमेरिकेतले, दोघांची भाषा स्पॅनिश, आणि अमेरिकेच्या तक्त्यात दोघे एकाच मोठ्या रकान्यात मोडतात. तरी सरासरी उत्पन्नात अर्जेंटिनी बरेच वर. पण निघतानाची स्थिती पाहिली की या फरकाचं नवल उरत नाही. अर्जेंटिनातून गेलेल्यांत डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक बरेच होते. पदवीधरांचं प्रमाण इक्वेडोरी लोकांच्या जवळपास दुप्पट. १९९६ ते २००२ च्या फेब्रुवारीपर्यंत अर्जेंटिनाच्या नागरिकाला अमेरिकेत पर्यटक म्हणून जायला व्हिसाही लागत नव्हता. अनेकांचे आजोबा इटलीतून नाहीतर स्पेनमधून आलेले, त्यामुळे युरोपचा पासपोर्ट काढायची सोय. इक्वेडोरमधून निघाला तो मुख्यतः आस्वाय आणि कान्यार या डोंगराळ प्रांतांतला शेतकरी. तिथं घरोघरी गवताच्या टोप्या विणत. जग त्यांना ‘पनामा हॅट’ म्हणतं, पण त्या मूळच्या इक्वेडोरच्याच. गेल्या शतकाच्या मध्याला हा धंदा बसला आणि माणसं न्यूयॉर्कची वाट धरू लागली. पुढं १९९९ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या, २००० मध्ये देशानं स्वतःचं चलन सोडून डॉलर स्वीकारला, आणि निघणाऱ्यांचा लोंढा झाला. व्हिसा नाही, म्हणून दलाल. दलालाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून गावच्या सावकाराचं कर्ज, तेही जबर व्याजाचं. न्यूयॉर्कमधली पहिली काही वर्षं निव्वळ ते कर्ज फेडण्यात जायची.

एक जण पदवी आणि पासपोर्ट घेऊन उतरला, दुसरा डोक्यावर कर्ज घेऊन. दहा वर्षांनी दोघांची मिळकत मोजून ‘अर्जेंटिनी जास्त कर्तबगार’ असा निष्कर्ष काढणाऱ्याची जागा पारावरच.

आता आपल्या घरचा हिशोब. तो जास्त बोलका आहे, कारण इथं निघतानाची स्थिती जवळपास सारखी होती. तोच सह्याद्रीचा पूर्व उतार, तीच बाजरी आणि हुलगा पिकवणारी कोरडवाहू दोन-चार एकर, तेवढीच शाळा, आणि बरेचदा जातही तीच. तरी मुंबईत माणसांच्या तीन वाटा झाल्या.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकमधल्या एका घरातले तीन भाऊ १९६०च्या दशकात मुंबईला गेले. अशी घरं या टापूत काही कमी नव्हती. थोरला गिरणीत लागला, मधला डबे पोचवू लागला, धाकटा मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहू लागला.

थोरल्याची वाट सर्वांत मानाची. गिरणीत जाणं ही या भागाची जुनी रीत. हुतात्मा बाबू गेनू हे याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांचा जीव गेला. गिरणीत आधी बदली म्हणून लागायचं, दारात रोज उभं राहायचं, आणि वर्षानुवर्षांनी कायम व्हायचं. कायम झाला की पगार, बोनस, फंड, रजा, सगळं. मुलगी देताना लोक गिरणीवाला आधी पाहायचे. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे, जेवण खानावळीत, आणि उरलेले पैसे मनीऑर्डरनं गावाला. १९८० साली या तिघांची तुलना केली असती तर थोरला निर्विवाद पहिला आला असता.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घरं सात हजारांच्या आत, अर्ज लाखाहून जास्त. थोरल्याचा पगार तिघांत सर्वांत चांगला होता, पण तो गिरणीच्या भोंग्याला बांधलेला होता. भोंगा थांबला त्या दिवशी त्याच्या हातात विकण्याजोगं किंवा मुलाला देण्याजोगं काही नव्हतं. कौशल्य होतं, पण साचेच भंगारात गेल्यावर साचेवाल्याला कोण विचारतो?

मधल्याची गोष्ट वेगळी. मुंबईतली डबेवाल्यांची पद्धत १८९० पासूनची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली असं मानतात. ट्रस्टची नोंदणी १९५६ ची. डबेवाले आले ते मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी आणि अकोले तालुक्यांकडून. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला त्यांना भेटले, व्यवस्थापनाच्या परदेशी प्राध्यापकांनी त्यांच्या अचूकतेवर लिहिलं, आणि डबेवाला एकदम कौतुकाचा विषय झाला. कौतुक योग्यच आहे. पण सगळ्यांनी डब्यावरच्या खुणा पाहिल्या. पैशाच्या वाटपाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. खरी गंमत तिथं आहे.

डबेवाला कुणाचा नोकर नाही. वीस-पंचवीस जणांचा गट, त्यावर एक मुकादम, तोही त्यांच्यातलाच. प्रत्येकाकडे तीस-पस्तीस गिऱ्हाइकं. त्याला म्हणायचं ‘लाइन’. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचे पैसे एकत्र येतात. त्यातून रेल्वेचा पास, सायकलची दुरुस्ती, फळीचा म्हणजे डबे ठेवायच्या लांब लाकडी क्रेटचा खर्च, हरवलेल्या डब्याची भरपाई वजा जाते, आणि उरलेलं सारखं वाटून घेतात. म्हातारा असो की नवखा, वाटा तोच. भरलेली फळी साठ किलोच्या घरात जाते. ती डोक्यावर घेऊन अकराच्या गर्दीत लोकलच्या मालडब्यातून उतरणं हे तरुणाचंच काम, पण वाटा उचलताना वय पाहत नाहीत.

दुसरी गोष्ट, लाइन ही मालकीची चीज आहे. नवा माणूस गटात येतो तो रक्कम मोजून जुन्याची लाइन घेतो. जुना निवृत्त होताना ती विकतो नाहीतर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर करतो. म्हणजे मधल्याची महिन्याची मिळकत थोरल्याच्या पगाराएवढी कधीच नव्हती, पण हात थकले तेव्हा त्याच्याकडे विकायला काहीतरी होतं. गिरणीवाल्याचा साचा मालकाचा. डबेवाल्याचं गिऱ्हाईक त्याचं स्वतःचं.

आणि एक सोय अशी की चैत्रात गावोगावच्या यात्रा आल्या की सगळे डबेवाले एकदम पाच-सहा दिवस सुट्टी घेतात. मुंबईचे चाकरमाने त्या आठवड्यात बाहेर जेवतात. आपल्या कुलदैवतासाठी गिऱ्हाइकाला बिनदिक्कत उपाशी ठेवू शकणारा कामगार मुंबईत दुसरा दाखवा.

या मालकीची कच्ची बाजूही आहे. लाइनची किंमत गिऱ्हाइकावर टिकून. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली, कचेऱ्या बंद झाल्या, आणि लाइन एका रात्रीत कवडीमोल झाली. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. हजारो डबेवाले गावाकडे आले, शेतात उतरले, कुणी रिक्षा घेतली, कुणी सुरक्षारक्षक झाला. कचेऱ्या उघडल्या तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम चालू राहिलं आणि अर्ध्या महिन्याच्या डब्यासाठी पूर्ण महिन्याचे पैसे कोण देणार? कोरोनापूर्वी पाच हजारांच्या आसपास असलेली संख्या निम्म्याहूनही खाली आली.

राहिला धाकटा. १९६० च्या दशकात याची अवस्था तिघांत सर्वांत वाईट. शंभर किलोचं पोतं पाठीवर, मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, आणि व्यापारी म्हणणार, ‘हा माझा नोकर नाही, रोज येतो आणि जातो.’ एका दिवसात पाच व्यापाऱ्यांचा माल उतरवणाऱ्या हमालाचा मालक कोण, हे कायद्याला ठरवता येत नव्हतं. अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली. ते सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, स्वतः बाजारात राबलेले. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पारावर ज्यांना ‘पुढं गेलेले सातारकर’ म्हणतात त्यांच्यातले पुष्कळ जण माथाडीच. पुणे जिल्ह्यातले हमालही याच कायद्याखाली आले.

या कायद्यानं मालक शोधत बसण्याचा प्रश्नच निकालात काढला. मंडळ स्थापन झालं. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. ज्याच्याकडे माल उतरतो त्यानं नोंदणी करायची, हमालांच्या टोळीनंही नोंदणी करायची. मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची, आणि मजुरीच्या वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळ महिन्याला टोळीची मजुरी वाटतं. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना, हे सगळं लेव्हीतून. मालक पाच असोत की पन्नास, हमालाच्या दृष्टीनं पगार एकाच ठिकाणाहून येतो. टोळीतही वाटा सारखाच. डबेवाल्यांच्या गटासारखाच.

१९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार मशीद बंदरहून वाशीला हलला. धाकटा त्याच्यामागं खाडी ओलांडून गेला. नवी मुंबई तेव्हा उजाड होती, त्यामुळे कोपरखैरणे आणि घणसोलीकडे माथाडींना घरं मिळू शकली. छोटी, चाळवजा घरं. पण स्वतःच्या नावावर. पुढं त्या जागेचे भाव काय झाले ते नवी मुंबईत कुणालाही विचारा. अण्णासाहेबांनी मात्र हे पाहिलं नाही. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मोर्चा काढल्यानंतर, २३ मार्च १९८२ रोजी, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

२००० साली तीन भावांची पुन्हा तुलना केली तर क्रम पार उलटा. सर्वांत खालचा वर, वरचा तळाला. स्वभाव तोच, मेहनत तीच, आईबाप तेच. बदललं ते एवढंच की थकल्यावर कोणाच्या हातात काय उरतं. म्हणून स्थलांतरितांची सुबत्ता मोजायची तर महिन्याची कमाई हा आकडा मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की उद्या कंबर गेली तर काय? गिरणीवाल्याचं उत्तर होतं ‘गावी जाऊ’, डबेवाल्याचं ‘लाइन विकू’, आणि माथाडीचं ‘मंडळात हिशोब करू’.

या तुलनेत चौथा भाऊ धरायचा राहिला, जो गेलाच नाही. तो अवसरीतच थांबला, आणि त्याच्याकडे पाणी चालून आलं. कुकडी प्रकल्पातल्या डिंभे धरणामुळे पूर्व आंबेगावचं रूप पालटलं. बाजरीच्या जागी ऊस, कांदा, बटाटा, तरकारी आली. पारगाव तर्फे अवसरी बुद्रुकला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मुंबईहून मनीऑर्डर येणाऱ्या घरांतून आता मुंबईला कांदा जाऊ लागला. १९६५ साली मुंबईला गेलेला भाऊ घरच्यांपेक्षा बरा होता. २००५ साली अनेक घरांत तो घरच्यांपेक्षा मागं पडला होता. स्थलांतरिताची बरकत मोजताना त्याची तुलना फक्त दुसऱ्या स्थलांतरिताशी करून भागत नाही. ज्यानं घर सोडलं नाही, त्याच्याशीही करावी लागते. आणि ती तुलना कालव्यासरशी बदलते.

पण हे पाणी कुठून आलं? डिंभ्याचा जलाशय घोड नदीवर, तालुक्याच्या पश्चिमेला. त्याला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते आंबेगाव गावच त्यात बुडालं. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. पश्चिमेचा हा पट्टा महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींचा. भीमाशंकरच्या उतारावर भात एवढंच हक्काचं पीक आणि उन्हाळ्यात हिरडा. पाणी यांच्या डोंगरात अडवलं आणि पिकलं ते पूर्वेला. भाताची लावणी, काढणी उरकली की पश्चिमेकडची बायका-माणसं खाली बागायतीत उतरतात. कांद्याची लागण आली की टोळी एकराच्या हिशोबानं उक्तं काम घेते. एका वाफ्यात ओळीनं बसून रोपं लावत मागं सरकायचं, आणि संध्याकाळी पैसे सारखे वाटून घ्यायचे. वाटप पुन्हा तेच, समसमान. पण डबेवाल्याला लाइन आहे, माथाडीला मंडळ आहे. कांदा लावणाऱ्या टोळीला संध्याकाळच्या पैशांपलीकडे काही नाही. एकाच तालुक्यातली, एकाच एसटीच्या रस्त्यावरची माणसं.

आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या सुमारास येतात ते ऊसतोड मजूर. साखरपट्ट्यात ते मुख्यतः बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, जालना अशा कोरड्या भागांतून येतात. हे स्थलांतर या सगळ्यांत निराळं, कारण इथं मोजमाप शून्याच्याही खालून सुरू होतं. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर उचल. घरातलं लग्न, दवाखाना, मागची बाकी त्यातच जाते. मग पाच-सहा महिने पहाटेपासून तोड, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि राहायचं शेताच्या कडेला पाचटाच्या कोपीत. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. २०२४ च्या सुरुवातीला दर ३४ टक्के वाढून टनाला साडेतीनशेच्या पुढं गेला, तोही संपाच्या इशाऱ्यानंतर. हिशोब मात्र रोजचा होत नाही. तोडलेला ऊस उचलीतून वजा होत जातो आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कळतं, फिटलं की अजून देणं आहे. देणं असलं तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. इक्वेडोरच्या डोंगरातला शेतकरी न्यूयॉर्कला पोचल्यावर जे कर्ज फेडत बसायचा, तेच कर्ज इथं बीडचा माणूस आंबेगावच्या फडात फेडतो. न्यूयॉर्कवाल्याचं कर्ज दोन-चार वर्षांत फिटायचं आणि नंतरचा डॉलर त्याचा असायचा. इथं दर पावसाळ्यात नवी उचल. यांचं उत्तर ‘कंबर गेली तर काय’ या प्रश्नाला काय असेल? कंबर गेली तरी बाकी राहते.

सरकारला हे कळत नाही असं नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, आणि त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागं दहा रुपये द्यायचे असं ठरलं. मुलांसाठी वसतिगृहं सुरू झाली. पण फंड, ग्रॅच्युइटी, रजा यांतलं काही नाही. ऊसतोड कामगारांना माथाडीसारखा कायदा लावा, ही संघटनांची मागणी जुनी आहे. अडतं ते तिथंच, जिथं १९६९ पूर्वी हमालाचं अडत होतं. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. शेतकरी म्हणतो, माझा काय संबंध?

शेतकऱ्याचा संबंध मात्र कागदावर आहे, आणि तो अवसरीतल्या कुठल्याही बागायतदाराच्या घरात पाहता येतो. कारखान्याकडून ऊसबिल येतं, त्यात रास्त दरातून तोडणी आणि वाहतूक वजा केलेली असते. म्हणजे कोयत्याची मजुरी शेवटी उसाच्या पैशातूनच जाते. त्याच घरात बाजारातल्या अडत्याची कांद्याची पट्टी असते. तिच्यावर हमाली, तोलाई, वाराई असे रकाने. आडत २०१६ पासून खरेदीदाराकडे गेली, पण हमाली-तोलाईचा वाद मिटलेला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद पडले ते याच मुद्द्यावर. हमाली-तोलाई पट्टीतून कापायची नाही, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. माथाडींनी आणि त्यांच्या मंडळानं ती कापून भरायलाच हवी, असा आग्रह धरला. शेतकरी संघटना वजावटीच्या विरोधात.

म्हणजे अवसरीतला शेतकरी दोन्हीकडे पैसे मोजतो. वाशीत त्याच्या कांद्याचं पोतं त्याचाच चुलतभाऊ उतरवत असतो, आणि त्या पोत्यामागं कुणीतरी, शेतकऱ्यानं नाहीतर व्यापाऱ्यानं, लेव्ही भरलेली असते. त्याच्या स्वतःच्या शेतातला ऊस तोडणाऱ्या जोडप्यासाठी तसा रकाना बिलात नाही. तो घालायचा ठरला तर पैसे कारखान्यानं द्यायचे, शेतकऱ्यानं की साखर खाणाऱ्यानं, यावर भांडण होणारच. १९६९ च्या आधी मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांनीही ते केलं होतं.